टिचकी कोठे पडली?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी थोर माणसांची चरित्रे सांगितली जातात. अल्-ख्वारिझ्मीचे नाव तर आपल्या प्रत्येक समारंभात निघतेच, आणि ते निघावेच. नवव्या शतकात बगदादमध्ये बसून त्याने गणिताला जी शिस्त लावली तिची आठवण म्हणून आजही संगणकाच्या कृतिक्रमाला त्याच्याच नावावरून 'अल्गोरिदम' म्हणतात. परंतु होते काय, की आपण टाळ्या वाजवतो, छाती भरून येते आणि घरी जाऊन टी.व्ही. लावतो. म्हणून मी आज मुद्दाम अगदी लहान विषय निवडला आहे. इतका लहान की कार्यक्रमपत्रिका छापताना एका सहकाऱ्यांनी मला विचारले, "सर, हा भाषणाचा विषय आहे की तक्रार?" विषय असा : आलेख काढणाऱ्या संगणकप्रणालीत माऊसने टिचकी मारावी एका जागी आणि प्रणालीने ती नोंदवावी दुसऱ्याच जागी, हे का घडते, आणि ते दुरुस्त कोण करतो.

मी कला शाखेचा पदवीधर. वर्गात इतिहास आणि मराठी शिकवतो. तेव्हा हा विषय याला कोठून सुचला, असे गणिताच्या सहकाऱ्यांना वाटणे साहजिक आहे. इतिहासाच्या माणसाला जुने कागद वाचण्याची खोड असते, एवढेच त्याचे उत्तर. ज्या कागदाविषयी मी बोलणार आहे तो खरे म्हणजे कागद नव्हे, संगणकातील एक फाईल आहे. पण तिच्या माथ्यावर कोणी, कोणत्या महिन्यात, कोणत्या साली काय केले याची यादी आहे, आणि त्या यादीतले पहिले नाव एका भारतीयाचे आहे. असा दस्तऐवज हाती लागल्यावर तो बाजूला ठेवणे मला जमले नाही.

आधी आलेखाकडे वळू. आलेखाचा कागद तुम्ही सर्वांनी हाताळला आहे. आडवा क्ष-अक्ष, उभा य-अक्ष, दोन्ही मिळतात तो आरंभबिंदू, आणि कोणत्याही बिंदूचे दोन निर्देशक. फ्रान्समधील देकार्त याने १६३७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून ही कल्पना जगापुढे आली. नवी मुंबईकरांना ती समजावून सांगण्याची गरज नसावी. सिडकोने ही नगरी वसवली तेव्हा पत्तेच आकड्यांत ठरवून दिले. सेक्टर अमुक, प्लॉट तमुक. दोन आकडे बरोबर असले की पाहुणा दारात, आणि एक चुकला की त्याच नंबरच्या प्लॉटपुढे पण भलत्याच सेक्टरात उभा. पुन्हा त्या भलत्या घराचे दारही उघडते, आत माणसेही असतात. चुकीचा पत्ता हा चुकीचा आहे हे त्याच्या तोंडावर लिहिलेले नसते. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे तो लागणार आहे.

आता आलेख हाताने काढण्याचे काम शाळेपुरते उरले आहे. महाविद्यालयात, प्रयोगशाळेत, कारखान्यात हे काम संगणकाच्या प्रणाली करतात. त्यांतल्या काही कंपन्यांच्या मालकीच्या असून त्यांचा परवाना विकत घ्यावा लागतो. काही मात्र खुल्या असतात. खुल्या म्हणजे केवळ फुकट असे समजू नये. तिची मूळ संहिता, म्हणजे ती प्रणाली ज्या ओळींनी बनली त्या सर्व ओळी, कोणालाही वाचता येतात, बदलता येतात आणि बदललेली प्रणाली दुसऱ्याला देता येते. घड्याळजीने घड्याळ विकताना मागचे झाकण उघडण्याचा स्क्रू-ड्रायव्हरही हातात द्यावा, तसा हा प्रकार आहे.

अशा खुल्या प्रणालींपैकी दोनच नावे घेतो. पहिली मॅटप्लॉटलिब. जॉन हंटर नावाच्या अमेरिकन संशोधकाने ती २००३ च्या सुमारास पुढे आणली. हे गृहस्थ अपस्माराच्या, म्हणजे ज्याला आपण फिट्स येणे म्हणतो त्या रोगाच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत्-संकेतांचा अभ्यास करीत. संकेतांचे आलेख पडद्यावर पाहण्यासाठी त्यांना साधन हवे होते, ते त्यांनी स्वतः बनवले आणि सर्वांना देऊन टाकले. २०१२ साली ते वारले, ऐन उमेदीत. त्यांची प्रणाली आज जगभर वापरली जाते. जरा विचार करा, मेंदूच्या आलेखावर बिघाड नेमका कोठे सुरू झाला तेथे डॉक्टर टिचकी मारतो आणि यंत्र शेजारचीच जागा नोंदवते. अशा वेळी 'थोडीशी चूक' हा शब्द कोणत्या तोंडाने वापरायचा?

दुसरी प्रणाली आपल्या शेजारची आहे. ऐरोलीचा पूल ओलांडून पुढे गेले की पवई येते. तेथील आय.आय.टी. मुंबईच्या एरोस्पेस अभियांत्रिकी विभागातील प्राध्यापक प्रभू रामचंद्रन हे 'मायावी' या प्रणालीचे मूळ कर्ते. नाव आपल्याच भाषेतले आहे, अर्थ सांगायला नको. वारा विमानाच्या पंखावरून कसा वाहतो, उष्णता धातूच्या ठोकळ्यात कशी पसरते, अशा गोष्टींचे आकडे घेऊन मायावी त्यांचे लांबी-रुंदी-खोली असलेले चित्र पडद्यावर उभे करते, आणि माऊसने ते चित्र फिरवून चहू बाजूंनी पाहता येते. मायावी स्वतः उभी आहे ती व्हीटीके नावाच्या आणखी मोठ्या खुल्या प्रणालीच्या खांद्यावर. ती १९९३ साली अमेरिकेत सुरू झाली.

मी ज्या फाईलचा उल्लेख केला ती या व्हीटीकेमधली आहे. तिचे काम वर्णन करायला एक वाक्य पुरते : खिडकीत माऊस जे काही करील ते टिपायचे आणि चित्र काढणाऱ्या यंत्रणेला कळवायचे. निरोप्याचे काम. फाईलच्या माथ्यावरील यादीत पहिली नोंद आहे, निर्मिती प्रभू रामचंद्रन, मे २००२. त्याखाली निरनिराळ्या देशांतल्या माणसांची नावे. २००३ साली कोणी ती विंडोजवर चालवली. २००६ साली माऊसच्या मधल्या चाकाचे फिरणे तिला कळू लागले. २००८ मध्ये पडद्यावरच्या बाणाचा आकार बदलण्याची सोय झाली. २०१४ साली कळफलकाच्या निरोपातली उणीव कोणी भरून काढली. २०१६ साली ती पायथॉन भाषेच्या तिसऱ्या पिढीत आणली गेली, २०१८ मध्ये आणखी एका साधनाशी जोडली गेली. पुष्कळशा नोंदी एका ओळीच्या. राजे-महाराजांच्या सनदा मी वाचल्या आहेत, त्यांत पदव्याच दोन पाने चालतात. येथे नाव, महिना, काम, संपले.

या निरोप्याला अडचण कोणती येते ते पाहू. माऊस हे साधन डग्लस एंगलबार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९६४ च्या सुमारास लाकडी डबीत बनवले आणि ९ डिसेंबर १९६८ रोजी लोकांपुढे चालवून दाखवले. त्या दिवसापासून आजपर्यंत माऊसला आलेख म्हणजे काय हे ठाऊक नाही. तो फक्त इतकेच सांगतो की माझा बाण पडद्याच्या अमुक ठिपक्यावर आहे. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. ते डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली मोजले जातात, कारण जुन्या टी.व्ही.च्या नळीतला किरण वरच्या डाव्या कोपऱ्यापासून एकेक ओळ रंगवत खाली यायचा, आणि आपण मजकूरही वरूनच वाचतो. आलेख मात्र खालून वर वाढतो. वर जाणे म्हणजे वाढणे, हे शाळेत शिकवलेले. व्हीटीकेसुद्धा खालच्या डाव्या कोपऱ्यालाच आरंभ मानते. म्हणजे एक वरून मोजतो, दुसरा खालून.

आपल्या सोसायटीच्या इमारतीचे उदाहरण घ्या. तळमजला आणि वर सहा मजले, एकूण सात पातळ्या. वॉचमन खालून मोजतो. तळमजला शून्य, मग पहिला, दुसरा, शेवटी सहावा. गच्चीवरची पाण्याची टाकी साफ करणारा माणूस वरून उतरत मोजतो. त्याचा शून्य म्हणजे वॉचमनचा सहावा. टाकीवाला म्हणाला, "मी वरून दोन नंबरच्या मजल्यावर आहे," तर वॉचमनच्या हिशेबाने तो कोठे? विद्यार्थ्यांनो, सात वजा दोन म्हणजे पाच असे उत्तर देऊ नका. वरून शून्य म्हणजे सहावा, एक म्हणजे पाचवा, दोन म्हणजे चौथा. सात वजा दोन वजा एक. तो शेवटचा एक का, तर दोघांनीही मोजणी शून्यापासून सुरू केली म्हणून. त्या फाईलमध्ये नेमके हेच गणित आहे. खिडकीची उंची, वजा माऊसने सांगितलेले वरचे अंतर, वजा एक. जगातल्या कोणा प्रज्ञावंताला मुद्दाम बोलवावे लागेल असे त्यात काही नाही. सातवीतला मुलगा करील. पण ते करायचे राहिले तर चित्राच्या वरच्या भागावर टिचकी मारावी आणि खालचा भाग निवडला जावा, असा आरशातला कारभार सुरू होतो.

ही अडचण जुनी आहे आणि तिची वजाबाकी त्या निरोप्याच्या पाठीशी सुरुवातीपासून होती. दुसरी अडचण नंतर आली, आणि ती मोठी मनोरंजक आहे.

पूर्वी पडद्याचे ठिपके डोळ्यांना दिसतील इतके मोठे असत. पुढे पडदे सुधारले, ठिपके इतके बारीक झाले की पूर्वीच्या एका ठिपक्याच्या जागी आडवे दोन आणि उभे दोन, असे चार मावू लागले. अक्षरे रेशमासारखी गुळगुळीत दिसू लागली, पण जुन्या प्रणाली त्या पडद्यावर मुंगीएवढ्या दिसल्या असत्या. म्हणून एक तोड काढली गेली. पडद्याचे ठिपके खरे असोत १६०० गुणिले १२००, प्रणालीला सांगायचे की तुझी खिडकी ८०० गुणिले ६०० ची आहे. पहिले झाले खरे ठिपके, दुसरे मानलेले ठिपके. माऊस मानलेल्या ठिपक्यांत बोलतो. चित्र मात्र खऱ्या ठिपक्यांत काढले जाते, नाहीतर नव्या पडद्याचा उपयोग काय? आता निरोप्याने मानलेल्या आकड्याला दोनने गुणून पुढे कळवले पाहिजे. तो गुणाकार राहिला, की झाला घोटाळा.

घोटाळा केवढा, ते वहीत मांडून पाहू. समजा, अंतर-काल आलेख पडद्यावर आहे. क्ष-अक्षावर शून्य ते दहा सेकंद. खऱ्या ठिपक्यांत शून्य सेकंद १०० व्या ठिपक्यावर आणि दहा सेकंद १५०० व्या ठिपक्यावर, म्हणजे एका सेकंदाला १४० ठिपके. विद्यार्थिनीने बरोबर पाच सेकंदांच्या रेषेवर टिचकी मारली. माऊस म्हणाला ४००. गुणाकार झाला तर ८००, त्यातून १०० गेले ७००, भागिले १४०, उत्तर पाच. गुणाकार राहिला तर ४०० वजा १०० म्हणजे ३००, भागिले १४०, उत्तर २.१४.

हे २.१४ मला भयंकर वाटते. यंत्राने जर 'मला समजले नाही' असे म्हटले असते, लाल अक्षरांत काही छापले असते, तर बरे झाले असते. तसे ते करीत नाही. ते दोन दशांश स्थळांपर्यंत ठणठणीत उत्तर देते, आणि दशांश चिन्ह दिसले की आपली मुले मान झुकवतात. प्रयोगवहीत २.१४ लिहिले जाते. त्यावरून वेग काढला जातो. वेग चुकला की शिक्षक विचारतात, आणि मुलगी म्हणते, "सर, माझा हात हलला असेल." मी हे वाक्य वेगवेगळ्या निमित्तांनी इतक्या वेळा ऐकले आहे की या भाषणाचे खरे कारण तेच म्हणावे लागेल. ज्यांच्या घरात संगणक पहिल्यांदाच आला, आणि तोही बहुधा आखातातून कोणी चाचा-मामांनी पाठवलेला किंवा वापरून जुना झालेला, त्यांच्या मुलांना यंत्र चुकेल यापेक्षा आपणच चुकलो असू हे पटकन पटते. सुखवस्तू घरातला मुलगा पहिल्या मिनिटाला म्हणतो, "हे बिघडले आहे." आपला मुलगा तासभर स्वतःचा हात तपासतो. हात तपासावा, जरूर तपासावा. पण हाताबरोबर यंत्रही तपासावे, आणि त्याची रीत आहे.

रीत अशी. ज्या बिंदूचे निर्देशक आपल्याला आधीच ठाऊक आहेत अशा बिंदूवर टिचकी मारायची. एकाच नव्हे, निदान पाच : चार कोपरे आणि मध्य. यंत्र काय म्हणते ते खरे उत्तर शेजारी मांडून लिहायचे. मग चुकीकडे चूक म्हणून न पाहता तिचा आकार पाहायचा. सगळीकडे सारखीच चूक असेल, उदाहरणार्थ प्रत्येक टिचकी दहा ठिपके उजवीकडे, तर कोणीतरी एखादी बेरीज किंवा वजाबाकी विसरला आहे. खिडकीच्या वरची पट्टी किंवा कडेची मोकळी जागा मोजायची राहून गेली, म्हणजे असे होते. एका कोपऱ्यात चूक जवळजवळ नाहीच आणि तेथून लांब जावे तसतशी वाढत गेली, तर गुणाकार राहिला आहे. मध्यावर ठीक, पण वरचे खाली आणि खालचे वर जात असेल, तर मघाचा टाकीवाला आणि वॉचमन यांचा झगडा. आणि चूक फक्त एकाच ठिपक्याची असेल तर तो 'वजा एक' पाहावा. डॉक्टर तापाचा तक्ता पाहून मलेरिया की टायफॉइड याचा अंदाज बांधत, तसेच हे. मूळ संहितेची एक ओळही न वाचता केवळ पाच टिचक्यांवरून दहावीचा विद्यार्थी दोषाचे मूळ सांगू शकतो.

दुरुस्तीही ऐकायला सोपी वाटते. दोनने गुणा, काम झाले. तसे नाही. काही संगणकांवर हे प्रमाण दोन असते, काहींवर दीड, तर काहींवर सव्वा. सव्वाने १०१ ला गुणले तर १२६.२५ येते, आणि पाव ठिपका कोठेच अस्तित्वात नाही, म्हणून पूर्णांकात आणावे लागते. मग उंचीचे काय? आधी वजाबाकी करून मग गुणायचे, की गुणून मग वजाबाकी? त्या फाईलच्या पुढच्या आवृत्त्यांत आधी मानलेल्या ठिपक्यांत उंची वजा अंतर वजा एक, आणि मग त्या सर्वाला प्रमाणाने गुणून पूर्णांक, असा क्रम धरलेला आहे. मॅटप्लॉटलिबच्या संबंधित फाईलमध्येही हाच विचार वेगळ्या मांडणीने केलेला दिसतो, आणि तेथे लिहिणाऱ्याने पुढच्या वाचकासाठी कारणही नोंदवून ठेवले आहे की खिडकी मानलेल्या ठिपक्यांत बोलते, आकृती खऱ्या ठिपक्यांत असते, शिवाय आरंभबिंदूही वेगळा आहे. दोन वेगळ्या घरांत एकच आजार आणि बहुतेक एकच औषध.

अजून एक फाटा आहे, तो शिक्षकांना विशेष रुचेल. वर्गात लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडतो तेव्हा पडदे दोन होतात. लॅपटॉपचे प्रमाण दोन, प्रोजेक्टरचे एक. आलेखाची खिडकी ओढून प्रोजेक्टरवर नेली, तर आता कशाने गुणायचे? व्हीटीकेच्या फाईलमध्ये याची तजवीज आहे. ती आधी विचारते, बाण या घडीला कोठे आहे? मग जोडलेले पडदे एकेक करून तपासते, बाण कोणाच्या हद्दीत पडतो ते पाहते आणि त्या पडद्याचे प्रमाण घेते. तपासून एकही पडदा सापडला नाही तर? तेथे लिहिणाऱ्याने शेरा मारला आहे, की असे खरे तर कधी घडायला नको, तरीपण घडलेच तर निभावून नेऊ. हा शेरा वाचून मला हसू आले. आमच्या शाळेच्या सहलीच्या नियोजनात नेमके हेच वाक्य दरवर्षी असते.

अशी दुरुस्ती प्रणालीत जाते कशी, हेही पालकांनी समजून घ्यावे, कारण पुष्कळांना वाटते की कोणीही येऊन काहीही बदलत असेल. वस्तुस्थिती उलट आहे. प्रथम दोष कळवायचा : कोणता संगणक, कोणती आवृत्ती, काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले. दुसऱ्याने तो आपल्या संगणकावर घडवून पाहायचा. घडला नाही तर काम तेथेच अडते, आणि फार वेळा अडते. मग कोणी तरी बदल सुचवतो. तो बदल प्रणाली सांभाळणारी जुनी-जाणती माणसे ओळन् ओळ वाचतात, शंका काढतात, परत पाठवतात. बदलासोबत चाचणी मागतात, म्हणजे संगणकाने स्वतःच खोटी टिचकी मारून उत्तर बरोबर येते की नाही ते पाहावे, आणि पुढे दुसऱ्या कोणाच्या बदलाने हा दोष परत आला तर तत्काळ घंटा वाजावी. या सर्वांत एका ओळीला आठवडे लागतात. माणसे कधीकधी तुसडी उत्तरे देतात, तेही सहन करावे लागते. पण तुमचे आडनाव कोणते, गाव कोणते, वडील काय करतात, हे तेथे कोणी विचारीत नाही. बदल बरोबर आहे का, एवढेच विचारतात. मुंबईत भाड्याने खोली पाहत फिरलेल्या माणसाला या गोष्टीचे मोल मी सांगायला नको.

आता पालकांचा प्रश्न, जो सभेनंतर चहाच्या वेळी मला हमखास विचारला जातो : "सर, यातून मुलाला नोकरी लागेल काय?" मी आश्वासन देणार नाही. दोष दुरुस्त करणाऱ्याला पगार मिळतोच असे नाही, बहुतेकांना मिळत नाही. पण बारावीनंतर प्रवेशासाठी, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी उमेदवारीसाठी, हजारो मुले एकसारखी गुणपत्रिका घेऊन रांगेत उभी असतात. त्यांत ज्याने एखादा दोष शोधून नीट कळवला, त्याच्यापाशी दाखवण्यासारखे काम असते, तारखेसह आणि नावासह, आणि ते कोणालाही उघडून पाहता येते. पवईच्या आय.आय.टी.त 'फॉसी' नावाचा प्रकल्प आहे. शिक्षणात खुल्या प्रणाली वापरल्या जाव्यात यासाठी केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याच्या मदतीने तो चालतो. त्यांच्या उन्हाळी फेलोशिपसाठी उमेदवाराला आधी एक काम करून दाखवावे लागते. त्याच संस्थेतील प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने निघालेल्या 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमात लिनक्स, पायथॉन, सायलॅब असे विषय छोट्या छोट्या बोलक्या धड्यांतून शिकवले जातात आणि त्यांतले पुष्कळ धडे मराठीतही आहेत. क्लासची फी परवडत नाही ही सबब त्यामुळे निम्मी तरी निकालात निघते. उरलेली निम्मी म्हणजे रोज तासभर बसण्याची चिकाटी, तिचा पुरवठा घरातूनच व्हायला हवा.

मुलींच्या मातापित्यांना वेगळे दोन शब्द. संध्याकाळच्या लोकलने लांब पाठवायला तुम्ही कचरता, ते मी समजू शकतो. माझ्याही घरी बहिणी आहेत. पण हे काम स्वयंपाकघराशेजारच्या मेजावर बसूनही होते. तेव्हा मुलगी रात्री संगणकापुढे बसली की 'बंद कर ते' म्हणण्याआधी ती काय करते आहे एवढे तरी बसून पाहा. कदाचित सिनेमाच पाहत असेल. कदाचित कोपऱ्या-कोपऱ्यांत टिचक्या मारून वहीत आकडे लिहीत असेल.

विद्यार्थ्यांसाठी शेवटी व्यवहाराची गोष्ट. सहामाही परीक्षा संपल्यावरच्या पहिल्या शनिवारी संगणक कक्ष दुपारी दोन ते पाच उघडा राहील, मुख्याध्यापक साहेबांनी तशी परवानगी दिली आहे. दोघांत एक वही आणि आलेखाचा एक कागद आणावा. मॅटप्लॉटलिबमध्ये टिचकीचे निर्देशक मागून घेण्याची सोय आहे, ती गणिताचे सर दाखवतील. प्रत्येक जोडीने शून्य ते दहा असा साधा आलेख पडद्यावर घ्यायचा, पाच टिचक्या मारायच्या आणि पाचही उत्तरे लिहायची. मग पडद्याचे प्रमाण सव्वा करायचे आणि पुन्हा पाच. मग प्रोजेक्टर जोडून पुन्हा पाच. बहुधा पंधराच्या पंधरा उत्तरे बरोबर येतील, कारण तुमच्या आधी पुष्कळांनी हे करून ठेवले आहे. बरोबर आली तरी वहीत तारीख, संगणकाचा क्रमांक आणि प्रणालीची आवृत्ती लिहायला विसरू नका. एखादे चुकले, तर काही न बदलता आहे तसे ठेवून मला हाक मारा.